शास्त्र, रूढी आणि फ्रेड मर्कल

'शास्त्राद् रूढिर्बलीयसी' हे वचन आपल्याकडे सहसा रूढीच्या समर्थनासाठी वापरले जाते. व्याकरणात, लग्नकार्यात, सभासंमेलनात, जिथे जिथे लिहिलेला नियम आणि चालत आलेली वहिवाट यांची टक्कर होते, तिथे कोणीतरी वडीलधारा हे वचन उच्चारतो आणि वाद मिटतो. पण या वचनाची दुसरी बाजू क्वचितच विचारात घेतली जाते. वर्षानुवर्षे झोपी गेलेले शास्त्र एखाद्या दिवशी अकस्मात जागे झाले तर काय होते? रूढीवर विसंबून वागणाऱ्या माणसाचा त्या दिवशी दोष किती? आणि त्या जागे होण्याची किंमत कोणी मोजायची?

या प्रश्नांचे एक विलक्षण उदाहरण खेळाच्या इतिहासात सापडते. बुधवार, २३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या मैदानावर न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज या दोन व्यावसायिक संघांत झालेला बेसबॉलचा सामना हे ते उदाहरण होय. अमेरिकेत या सामन्यावर पुस्तके लिहिली गेली आहेत. आपल्याकडे बेसबॉल फारसा परिचित नसल्याने त्यातील नाट्य समजण्यापूर्वी थोडी पूर्वतयारी आवश्यक आहे. क्रिकेट जाणणाऱ्या वाचकाला ती जड जाऊ नये.

बेसबॉलच्या मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार 'बेस' असतात. चौथा बेस म्हणजे फलंदाजाचे घर, 'होम'. चेंडू टोलवून फलंदाज पहिल्या बेसकडे धावतो आणि पुढे संधी मिळेल तसतसा दुसरा, तिसरा असे टप्पे घेत घरी परततो, तेव्हा एक धाव होते. तीन खेळाडू बाद झाले की त्या संघाचा त्या फेरीतील डाव संपतो. अशा नऊ फेऱ्यांचा सामना. आता मुख्य गोष्ट. एका बेसवर एकाच वेळी दोन धावणारे खेळाडू राहू शकत नाहीत. त्यामुळे फलंदाज पहिल्या बेसकडे धावू लागला की तिथे आधीपासून उभ्या असलेल्या खेळाडूला जागा रिकामी करून दुसऱ्या बेसकडे जावेच लागते. तो तिथे पोहोचण्याआधी चेंडू हातात घेतलेल्या क्षेत्ररक्षकाने त्या बेसला पाय लावला, तर तो बाद. क्रिकेटमधील धावबादाशी याचे जवळचे नाते आहे. तिसरा गडी अशा रीतीने बाद झाला, तर त्याच वेळी दुसऱ्या कोणी घर गाठलेले असले तरी ती धाव धरली जात नाही. १९०८च्या नियमपुस्तकात हा नियम ५९ व्या क्रमांकावर, निःसंदिग्ध शब्दांत छापलेला होता. शास्त्र असे स्पष्ट होते.

रूढी मात्र निराळी होती. शेवटच्या फेरीत विजयी धाव देणारा टोला बसला की सामना संपला, असे सर्वच मानीत. तिसऱ्या बेसवरचा खेळाडू घरी पोहोचला की पहिल्या बेसवरचा खेळाडू दुसऱ्या बेसपर्यंत जाण्याचे कष्ट घेत नसे. तो थेट कपडे बदलण्याच्या खोलीकडे वळे. यात आळसापेक्षा व्यवहाराचा भाग अधिक होता. सामना संपताच प्रेक्षक मैदानात उतरत. पोलो ग्राउंड्सवर खेळाडूंची खोली मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. हजारोंच्या लोंढ्यात सापडायचे नसेल तर खेळाडूला पळ काढणेच इष्ट वाटे. पंचही अशा वेळी बेसकडे पाहत नसत. त्यांनाही मैदान सोडण्याची घाई असे.

या शांततेत पहिला खडा पडला तो ४ सप्टेंबर १९०८ रोजी पिट्सबर्ग येथे. पिट्सबर्ग पायरेट्सविरुद्धच्या सामन्यात दहाव्या फेरीत दोन गडी बाद असताना विजयी टोला बसला, धाव झाली आणि पहिल्या बेसवरचा वॉरन गिल हा नवखा खेळाडू रिवाजाप्रमाणे दुसऱ्या बेसला न शिवता परतला. कब्जचा दुसऱ्या बेसवरील क्षेत्ररक्षक जॉनी एव्हर्स याने चेंडू मागवला, बेसला पाय लावला आणि पंच हँक ओडे यांच्याकडे दाद मागितली. ओडे त्या दिवशी एकटेच पंच होते, आणि गिल कुठवर गेला हे त्यांनी पाहिले नव्हते. न पाहिलेल्या गोष्टीवर निर्णय देता येत नाही म्हणून त्यांनी दाद फेटाळली. कब्जने लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांच्याकडे केलेली तक्रारही अमान्य झाली. पण एक गोष्ट घडून गेली होती. नियम अस्तित्वात आहे, याची आठवण एका खेळाडूला आणि एका पंचाला पक्की झाली होती. एव्हर्सविषयी असे सांगतात की तो रात्री अंथरुणात पडून नियमपुस्तक वाचत असे. शरीराने किडकिडीत, स्वभावाने चिडका आणि वादप्रिय असा हा माणूस त्या काळच्या खेळाडूंत खरोखरच अपवादात्मक 'शास्त्री' होता.

यानंतर एकोणीस दिवसांनी पोलो ग्राउंड्सवरचा तो सामना झाला. त्या मोसमात नॅशनल लीगच्या विजेतेपदासाठी जायंट्स, कब्ज आणि पायरेट्स या तीन संघांत अटीतटीची चुरस चालली होती. जायंट्सचा नेहमीचा पहिल्या बेसवरील खेळाडू फ्रेड टेनी कंबरदुखीने आजारी पडला आणि व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ याने त्याच्या जागी फ्रेड मर्कल या तरुणाला उभे केले. मर्कलचा जन्म २० डिसेंबर १८८८चा. म्हणजे तो अवघा एकोणीस वर्षांचा होता, आणि त्या मोसमात सुरुवातीपासून सामना खेळण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

सामना दोन्ही बाजूंनी अत्यंत चिवट झाला. जायंट्सकडून क्रिस्टी मॅथ्यूसन गोलंदाजी करीत होता, कब्जकडून जॅक फिस्टर. पाचव्या फेरीत जो टिंकरच्या टोल्याने कब्जची एक धाव झाली. सहाव्यात माइक डॉनलिनच्या टोल्यावर जायंट्सने बरोबरी साधली. नवव्या फेरीच्या उत्तरार्धात १-१ अशी स्थिती असताना जायंट्सचे दोन गडी बाद झाले होते आणि मूस मॅकॉर्मिक पहिल्या बेसवर होता. मर्कल फलंदाजीला आला. त्याने उजवीकडे सणसणीत टोला मारला. मॅकॉर्मिक तिसऱ्या बेसवर गेला आणि मर्कल पहिल्या बेसवर उभा राहिला. हा तपशील मुद्दाम नोंदवला पाहिजे. विजयाची संधी निर्माण झाली ती मर्कलच्या टोल्यामुळेच. पुढचा फलंदाज अल ब्रिडवेल याने पहिलाच चेंडू मैदानाच्या मध्यभागातून असा फटकावला की तो चुकवण्यासाठी पंच बॉब एम्सली यांना जमिनीवर अंग टाकावे लागले. मॅकॉर्मिक घरी पोहोचला. जायंट्स २, कब्ज १. सुमारे वीस हजार प्रेक्षकांनी जल्लोष केला आणि नेहमीप्रमाणे मैदानात धाव घेतली. दुसऱ्या बेसच्या वाटेवर असलेल्या मर्कलने तो लोंढा पाहिला आणि अर्ध्यातूनच वळून तो खोलीकडे पळाला.

एव्हर्सचे लक्ष मात्र धाव घेणाऱ्या मॅकॉर्मिककडे नव्हते, ते मर्कलच्या पायांकडे होते. त्याने चेंडू मागितला. मध्यक्षेत्रातून सॉली हॉफमनने तो फेकला, पण तो एव्हर्सच्या हाती लागला नाही. जायंट्सचा बुजुर्ग गोलंदाज जो मॅकगिनिटी तिसऱ्या बेसजवळ उभा होता. काय चालले आहे ते त्याच्या ध्यानात आले, त्याने चेंडू हस्तगत केला आणि झोंबाझोंबीत तो प्रेक्षकांकडे भिरकावून दिला. त्यानंतर कब्जच्या एका राखीव खेळाडूने प्रेक्षकाच्या हातून चेंडू हिसकावून आणल्याची हकीकत आहे. अखेर एव्हर्स दुसऱ्या बेसवर चेंडू उंच धरून उभा राहिला. हा तोच चेंडू होता की दुसराच कुठला, यावर त्या दिवसापासून साक्षी-प्रतिसाक्षी झडत राहिल्या. मैदानावर हजर असलेल्यांनी दिलेल्या हकीकती एकमेकींशी जुळत नाहीत. काहींनी तर आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळ्या हकीकती सांगितल्या. इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. हजारो डोळ्यांसमक्ष घडलेली घटना अधिक विश्वसनीय असते हा आपला एक भाबडा समज आहे. प्रत्यक्षात हजार डोळे एकाच जागी पाहत असतात, आणि इथे ते सर्व मॅकॉर्मिककडे पाहत होते. निर्णायक गोष्ट दुसरीकडे, कोणी न पाहिलेल्या कोपऱ्यात घडत होती.

एम्सली जमिनीवर पडल्याने त्यांना काही दिसले नव्हते. त्यांनी सहकारी पंचाला विचारले. तो सहकारी पंच म्हणजे हँक ओडे, पिट्सबर्गचेच ओडे. या वेळी मात्र त्यांनी नजर ठेवली होती. मर्कल दुसऱ्या बेसला शिवला नाही, सबब तो बाद, सबब धाव नाही, असा निर्णय त्यांनी दिला. सामना १-१ असा बरोबरीत राहिला. गर्दीने भरलेले मैदान मोकळे करून संधिप्रकाशात पुढे खेळणे अशक्य होते, म्हणून तो तिथेच थांबला. विजयाच्या आनंदात घरी गेलेल्या बहुतेक प्रेक्षकांना ही बातमी नंतर कळली.

पुलियम यांनी ओडे यांचा निर्णय कायम केला. दोन्ही संघ असंतुष्ट होते. जायंट्सचे म्हणणे, आम्ही जिंकलो. कब्जचे म्हणणे, यजमानांनी मैदान मोकळे करून सामना पुढे चालवला नाही, म्हणून विजय आमच्या नावे लिहा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लीगच्या संचालक मंडळाने सिनसिनाटी येथे बसून निकाल दिला की बरोबरी ही बरोबरीच, आणि गरज पडल्यास सामना पुन्हा खेळवावा. नशिबाने गरज पडलीच. मोसम संपला तेव्हा जायंट्स आणि कब्ज या दोघांच्याही नावावर ९८ विजय आणि ५५ पराजय होते.

८ ऑक्टोबर १९०८ रोजी पोलो ग्राउंड्सवर फेरसामना झाला. त्या दिवशीच्या गर्दीची वर्णने वाचताना जत्रेची नव्हे, दंगलीची आठवण होते. दरवाजे बंद झाल्यावर लोकांनी कुंपणे तोडली. मैदानामागच्या टेकडीवर, उन्नत रेल्वेच्या रुळांवर, जिथे पाय ठेवायला जागा मिळेल तिथे माणसे चढली. त्या रेल्वेच्या खांबावरून पडून एकाचा मृत्यूही झाला. जायंट्सने पहिल्याच फेरीत धाव घेतली. तेव्हा फिस्टरच्या जागी कब्जने मॉर्डेकाय ब्राउन याला आणले. लहानपणी शेतावरच्या यंत्रात हात सापडून त्याची बोटे जायबंदी झाली होती. 'तीनबोट्या' ब्राउन या नावाने प्रसिद्ध झालेला हा गोलंदाज त्या वाकड्या बोटांमुळेच चेंडूला अनाकलनीय वळण देत असे. तिसऱ्या फेरीत टिंकरने पुन्हा एकदा मॅथ्यूसनला गाठले. त्या फेरीत कब्जच्या चार धावा झाल्या आणि सामना त्यांनी ४-२ असा जिंकला. खवळलेल्या प्रेक्षकांनी कब्जच्या खेळाडूंवर हल्ला केला. कर्णधार फ्रँक चान्स याला मार बसला. पोलिसांच्या संरक्षणात संघाला बाहेर काढावे लागले. पुढे कब्जने डेट्रॉइटला ४-१ असे नमवून वर्ल्ड सिरीजही जिंकली. त्यानंतर त्यांना हा मान पुन्हा मिळायला २०१६ साल उजाडावे लागले. या एकशे आठ वर्षांच्या दुष्काळाला गमतीने 'मर्कलचा शाप' म्हणणारेही निघाले.

इथपर्यंत ही एका सामन्याची कथा झाली. पण तिचा खरा विषय पुढेच आहे. दुसऱ्या दिवशीच्या न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी निकालाचे खापर एका माणसावर फोडले. 'न्यूयॉर्क टाइम्स'नेही मर्कलच्या निंद्य मूर्खपणाला बोल लावला. लवकरच त्याच्या नावामागे 'बोनहेड' हे विशेषण चिकटले. बोनहेड म्हणजे डोक्यात मेंदूऐवजी हाड असलेला, आपल्या भाषेत ठोंब्या. भाषेच्या अभ्यासकाला अधिक लक्षवेधी वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्याच्या आडनावाचे क्रियापद झाले. पोहोचायच्या ठिकाणी न पोहोचणे म्हणजे 'मर्कलणे'. विशेषनामापासून नामधातू होणे हा सामान्यतः गौरव असतो. इथे ती जन्मठेप ठरली.

हा दोषारोप हिशेबाच्या कसोटीवर टिकत नाही. २३ सप्टेंबरनंतर जायंट्सचे दोन आठवड्यांचे सामने शिल्लक होते. फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हेलेस्की या नवख्या गोलंदाजाने २९ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर या पाच दिवसांत जायंट्सना तीन वेळा हरवले. त्यांपैकी एक सामना जरी जिंकला असता तर फेरसामन्याची वेळच आली नसती. फेरसामन्यात मर्कल खेळलाही नाही. तिथे टेनी परत आला होता. चार धावा दिल्या त्या महान मॅथ्यूसनने, ज्याने त्या मोसमात ३७ सामने जिंकले होते. सातव्या फेरीत तिन्ही बेस भरलेले आणि एकही गडी बाद नाही अशी सुवर्णसंधी जायंट्सना मिळाली होती. तिचे एका धावेपलीकडे काही झाले नाही. मोसमातील सगळ्या चुका मिळून पराभव झाला. पण अनेक चुकांची बेरीज लक्षात ठेवणे सार्वजनिक स्मृतीला जमत नाही. तिला एक चेहरा लागतो, आणि तो शक्यतो नवखा, दुबळा, उलट उत्तर न देणारा असावा लागतो.

पुलियम यांच्याबाबतीत हीच वृत्ती वेगळ्या रूपात दिसते. जुलै १९०९ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या अखेरीचा धागा मर्कल प्रकरणाशी सरळ नेऊन बांधणारे लेखन पुष्कळ आहे. त्या निर्णयावरून त्यांच्यावर कठोर टीका झाली हे खरे, पण एका माणसाच्या अंताचे एकच कारण शोधणे आणि एका मोसमाच्या पराभवाचा एकच धनी शोधणे, या दोन्ही गोष्टी एकाच आळशी विचारपद्धतीची अपत्ये आहेत.

मर्कलच्या बाजूने ठाम उभा राहिला तो मॅग्रॉ. हा व्यवस्थापक तापट आणि शिवराळ म्हणून कुप्रसिद्ध होता. पराभवाचा सर्वांत मोठा घाव त्याच्याच प्रतिष्ठेवर बसला होता. तरी त्याने मर्कलला एका शब्दाने दोष दिला नाही, उलट त्याचा पगार वाढवला. आपण डझनभर सामने अन्यत्र गमावले, असा त्याचा युक्तिवाद होता. १९१० पासून मर्कल संघाचा नियमित खेळाडू झाला. एकूण सोळा मोसम तो खेळला आणि १,५८० यशस्वी टोले त्याच्या नावावर जमा झाले. तो चलाख खेळाडू मानला जाई. मात्र दैवाने पाठ सोडली नाही. न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि शिकागो या संघांकडून तो १९११, १९१२, १९१३, १९१६ आणि १९१८ अशा पाच वर्ल्ड सिरीजमध्ये खेळला आणि पाचही वेळा त्याचा संघ हरला. १९१२च्या अखेरच्या सामन्यात दहाव्या फेरीत आघाडीची धाव मिळवून देणारा टोला त्याचाच होता. पण त्याच फेरीच्या उत्तरार्धात त्याच्यासह तिघांच्या मध्ये एक सोपा झेल पडला, आणि लोकांना तोच आठवला.

निवृत्तीनंतर तो फ्लोरिडात राहिला आणि बेसबॉलपासून दूर झाला. अनेक वर्षे त्याने पोलो ग्राउंड्सची पायरी चढली नाही. १९५० साली जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यासाठी तो अखेर तिथे गेला, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांच्या गजरात त्याचे स्वागत केले. २ मार्च १९५६ रोजी डेटोना बीच येथे त्याचे निधन झाले. मृत्युलेखांनी पुन्हा तोच दिवस उकरून काढला. विजयी टोला मारणारा ब्रिडवेल म्हातारपणी हळहळून म्हणे की आपण त्या वेळी बाद झालो असतो तर बरे झाले असते, त्या पोराचा छळ तरी वाचला असता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ओडे यांचा निर्णय चूक होता काय? आमच्या मते नाही. नियम लिहिलेला होता, पंचाने तो डोळ्यांनी पाहून लागू केला. प्रेक्षकांच्या कोलाहलात, यजमान संघाच्या विरोधात असा निर्णय देण्यास धैर्य लागते. त्यांना २०१३ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, ते योग्यच झाले. एव्हर्सचेही चुकले नाही. शास्त्र जाणणे हा गुन्हा नव्हे. मग अन्याय कुठे झाला? तो निर्णयात झाला नाही, निर्णयानंतरच्या निवाड्यात झाला. नियम बरोबर लागू झाला याचा अर्थ तो न पाळणारा मूर्ख ठरला, असा होत नाही. जी गोष्ट सारे करीत आले, जी करताना ज्येष्ठांनी कधी हटकले नाही, ती एका मुलाने केली. त्याला जे शिकवले गेले तेच त्याने केले. पिट्सबर्गच्या सामन्यानंतर सावध व्हायचे काम संघाच्या जाणत्यांचे होते.

क्रिकेटमध्ये याच जातीची एक घटना आपल्या ओळखीची आहे. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत विनू मंकड यांनी, चेंडू टाकण्याआधीच क्रीझ सोडणाऱ्या बिल ब्राउनला नियमानुसार धावबाद केले. तिथेही नियम छापलेला होता आणि रूढी वेगळी होती. तिथेही आडनावाचे क्रियापद झाले. फरक एवढाच की तिथे कलंक नियम मोडणाऱ्याच्या नव्हे, तर नियम पाळणाऱ्याच्या नावाला चिकटला. २०२२ साली एमसीसीने ही तरतूद 'अनुचित खेळ' या सदरातून काढून साध्या 'धावबाद' या कलमाखाली आणली. म्हणजे त्या कृतीला कागदावर प्रतिष्ठा मिळायला पाऊणशे वर्षे लागली. मर्कलच्या बाबतीत शास्त्र जिंकले, मंकडांच्या बाबतीत लोकमतात तरी रूढी. दोन्हीकडे किंमत मोजली ती मात्र एकट्या माणसाने.

'शास्त्राद् रूढिर्बलीयसी' या वचनाला म्हणूनच एक पुरवणी जोडावीशी वाटते. शास्त्र प्रबळ की रूढी, याचा निकाल काळानुसार बदलेल, तो बदलायलाही हवा. परंतु ज्या क्षणी एकीकडून दुसरीकडे संक्रमण होते, त्या क्षणी वाटेत सापडलेल्या माणसाला समाजाने सांभाळून घेतले पाहिजे. १९०८च्या सप्टेंबरनंतर विजयी टोला बसल्यावर दुसऱ्या बेसला शिवल्याशिवाय माघारी फिरण्याची चाल उरली नाही. एका पिढीची सवय एका संध्याकाळी मोडली, खेळ अधिक नेटका झाला. या सुधारणेचे श्रेय एव्हर्सला मिळाले, ओडे यांना मिळाले. तिची फी मर्कलने अठ्ठेचाळीस वर्षे भरली.